गुडघ्याचं निमित्त किती दिवस पुरणार?

पत्र थोडं छोटं करून देतेय, नाव गाव अर्थातच काढलंय.

"ताई नमस्कार. वय ४७. आमचा मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप आहे, सहा वर्षं झाली, श्रावणात भरपूर कार्यक्रम असतात. मागच्या वर्षी बसफुगडी घालताना मला लघवी झाली, थोडीशीच, पण नऊवारीला आतून ओल आली. तेव्हापासून कार्यक्रम असला की पॅड लावते आणि दुपारपासून पाणी बंद. आता यावर्षी ग्रुपला सांगून टाकलंय की गुडघा दुखतो, मी नाही. शिंक, खोकला, जोरात हसणं, कशानेही होतं. आणि बाहेरून आले की कुलूप उघडेपर्यंत इतकी घाई होते की कधीकधी दारातच थेंब जातात. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, पहिल्या वेळी चिमटा लावला होता. जाऊबाई म्हणतात पिशवी काढून टाक, त्यांनी काढलीय. व्हिडिओ बघून लघवी मधेच थांबवायचा व्यायाम महिनाभर केला, फरक शून्य. मुलगी सातव्या महिन्यात आहे, तिला सिझरच करून घे म्हणू का? घरी कुणाला सांगितलेलं नाही, यांनाही नाही."

ताई, तुमचा गुडघा ठणठणीत आहे हे वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण हे निमित्त मी इतक्या जणींकडून ऐकलंय ना, कुणाची कंबर दुखते म्हणून झुम्बा बंद, कुणाला अचानक ट्रेकचा कंटाळा आलेला असतो, कुणी लग्नाला जाते पण कोपऱ्यातली खुर्ची धरून बसते आणि खरं कारण सगळ्यांचं एकच. मी फिजिओथेरपिस्ट, हेच स्नायू हा माझा रोजचा विषय, तरी माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर हेच झालं तेव्हा मीसुद्धा वर्षभर तोंड उघडलं नाही. शेवटी ज्यांना सांगितलं त्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगं दोन मुलं झाली ना, चालायचंच." त्या चालायचंचनेच घोळ केलाय सगळा, कारण या विषयावर सत्तर पंचाहत्तर वर्षांचा अभ्यास पडलाय आणि तो आपल्या घरापर्यंत येतच नाही, येतं काय तर जाऊबाईंचा सल्ला. त्यामुळे आज जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा (चहाबद्दलही बोलायचंय, पण पुढे).

आधी एक समजून घ्या की तुम्हाला एक नाही, दोन त्रास आहेत. फुगडी, शिंक, खोकला यात होते ती जोर पडल्यावरची गळती. कुलपापाशी होते ती घाईची गळती. दिसायला दोन्ही सारख्या, ओल ती ओलच, पण कारणं वेगळी आणि उपायही थोडे वेगळे. बऱ्याच जणींना दोन्ही एकत्र असतात, त्यात काही विशेष नाही.

जोराची गळती का होते? ओटीपोटाच्या तळाला पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं तिच्यावर विसावलेलं. शिंक आली की पोटातला दाब एकदम खाली येतो आणि त्याच क्षणी ही झोळी घट्ट व्हायला हवी म्हणजे लघवीची नळी दाबून धरली जाते. बाळंतपणात हे स्नायू प्रचंड ताणले जातात, काहींचे हाडापाशी चक्क सुटतात. अमेरिकेत मिशिगनला डॉ. डिलान्सी यांच्या टीमने २००३ मध्ये एमआरआय काढून बघितले होते, पहिलं बाळंतपण नॉर्मल झालेल्या १६० बायकांपैकी ३२ जणींच्या या स्नायूत इजा दिसली आणि ज्यांना मूल झालेलं नव्हतं त्यांच्यात एकीतही नाही. चिमटा लावला असेल तर ही शक्यता वाढते. म्हणजे तुमच्या बाबतीत पंचवीस वर्षांपूर्वी कदाचित काहीतरी झालेलं असणार आणि आता पाळी जायच्या वयात ते उघड होतंय, हे पटण्यासारखं आहे. पण सगळा दोष बाळंतपणाच्या माथी मारू नका हं. स्वीडनमध्ये ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या टॉपच्या खेळाडू मुलींचा अभ्यास झाला होता २००२ ला, ३५ मुली, वयं १२ ते २२, एकीलाही मूल नाही, आणि त्यातल्या २८ जणींना प्रॅक्टिस करताना गळती होत होती! तेव्हा बसफुगडीत गळलं म्हणून तुम्ही म्हाताऱ्या झाला नाहीत, बसफुगडी हा प्रकारच तसा आहे, उकिडवं बसून उड्या म्हणजे झोळीची खरी परीक्षा.

आता जाऊबाईंचा सल्ला. हे जरा कडक शब्दात सांगते, राग मानू नका. लघवी गळते म्हणून पिशवी काढायची नसते. लघवी मूत्राशयातून येते, गर्भाशयातून नाही, तुम्ही खालच्या मजल्यावरचा नळ गळतो म्हणून शेजारची खोली पाडत नाही ना. जाऊबाईंची कशासाठी काढली ते मला माहीत नाही, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव असेल, ती कारणं वेगळी आणि ती खरी असतात. पण आपल्याकडे चाळिशी ओलांडली, मुलं झाली, आता काय काम तिचं, असं म्हणून काढायची जी पद्धत पडलीय ती मला अजिबात मान्य नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या ते २०१९ ला आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. आणि गळतीचं म्हणाल तर उलटंच होण्याची शक्यता आहे, स्वीडनमध्ये तीस वर्षांच्या सरकारी नोंदी तपासल्या, लाखो बायकांच्या, २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते, की ज्यांची पिशवी काढली त्यांच्यात पुढे गळतीसाठी ऑपरेशन करून घ्यायची वेळ इतरांपेक्षा दुपटीहून जास्त आली. एवढं जाऊबाईंना सांगायची गरज नाही, उगाच वाईट वाटेल त्यांना, पण तुम्ही लक्षात ठेवा.

बरं, व्यायाम. तुम्ही केलात, फरक पडला नाही, कारण तुम्ही केलात तो व्यायामच नव्हता. लघवी मधेच थांबवणं ही फार तर एखाद्या वेळी स्नायू कुठला ते ओळखायची युक्ती आहे, रोज करायची गोष्ट नाही ती, रोज केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि इन्फेक्शनला आमंत्रण. हा व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉ. आर्नोल्ड केगेल, त्यांनी १९४८ मध्ये लिहिलं तेव्हासुद्धा नुसतं "आवळा" असं सांगून बायकांना घरी पाठवलं नव्हतं, स्नायूचा जोर मोजायचं एक यंत्र बनवलं होतं त्यांनी, म्हणजे बाईला समजावं की आपण बरोबर करतोय की नाही. ते मोजणं मागे पडलं आणि व्हिडिओ उरले. १९९१ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात ४७ बायकांना फक्त तोंडी सांगून व्यायाम करायला लावला, जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला आणि चारातली एक तर असं काहीतरी करत होती की ज्याने गळती वाढेल, म्हणजे आवळायच्या ऐवजी खाली जोर. माझ्याकडे येणाऱ्यांचंही हेच, पोट आत घेतात, कुल्ले आवळतात, श्वास रोखतात, तोंड लाल होतं आणि मूळ स्नायू आपला निवांत.

म्हणून नीट वाचा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून. गॅस सुटतोय आणि चारचौघात तो रोखायचाय अशी कल्पना करा, मागून आवळा आणि तोच आवळा पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून आत वर उचला. वर, खाली नाही. पोट, मांड्या, कुल्ले सैल, श्वास चालू, बोटं मोजताना मोठ्याने आकडे म्हणा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. पाच सहा सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा (सोडणं तितकंच महत्त्वाचं, ते कुणी सांगत नाही). सुरुवातीला तीन सेकंदच जमलं तरी चालेल, हळूहळू दहापर्यंत न्या. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा आणि प्रत्येक वेळी शेवटी पाच सहा झटपट आवळे. झोपून जमलं की बसून, मग उभ्याने, कारण फुगडी झोपून घालत नाहीत. कमीत कमी तीन महिने. ब्रिटनमध्ये कुठले उपचार कसे द्यावेत ते ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या गाइडलाइनमध्येही हेच आहे, शिकवणारं माणूस असावं आणि तीन महिने तरी द्यावेत. एकदा तरी या विषयातल्या फिजिओकडे जा, ती आतून तपासून सांगेल योग्य स्नायू हलतोय का, लाज वाटेल, पाच मिनिटांची असते ती लाज.

याने खरंच होतं का? २०१८ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) जगभरातले ३१ अभ्यास एकत्र करून बघितले, १४ देश, १८०० च्या वर बायका. जोराची गळती असणाऱ्यांमध्ये व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के म्हणाल्या गळती थांबली, न करणाऱ्यांपैकी ६ टक्के. गोळी नाही, टाका नाही, खर्च नाही आणि तरी इतका फरक.

आणि इलेक्ट्रॉनिक प्रोब (आत घालून आवळा मोजायचं यंत्र), मोबाइलला जोडायचं यंत्र वगैरे जाहिराती तुम्हाला आता दिसायला लागतीलच (हे पत्र टाइप करताना मोबाइलने ऐकलं असणार). स्कॉटलंडच्या टीमने ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर बघितलं, २०२० मध्ये आलं ते, की नीट शिकवलेला व्यायाम आणि तोच व्यायाम अधिक यंत्र यात दोन वर्षांनंतर काही फरक नव्हता. पैसे वाचवा. लेझरवाल्यांच्या तर वाटेला जाऊ नका, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि यंत्रांवर देखरेख करणारं सरकारी खातं) २०१८ मध्येच त्या कंपन्यांना तंबी दिलीय की योनीच्या लेझरने गळती बरी होते असा प्रचार करू नका. मूलबंध, अश्विनी मुद्रा हे योगातले आवळायचे प्रकार चालतील का असंही मला नेहमी विचारतात, दिशा तीच आहे, चालेल, फक्त श्वास कोंडू नका. योगावर कॅलिफोर्नियात २४० बायकांचा चांगला अभ्यास झाला, २०२४ ला आला, योगा करणाऱ्यांची गळती कमी झाली पण दुसऱ्या गटात साधा स्ट्रेचिंग आणि ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचीही जवळपास तेवढीच झाली. म्हणजे जे रोज होईल ते करा.

तीन महिने थांबवत नसेल तर आजच्या आज करण्यासारखी एक युक्ती आहे. शिंक, खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. बस एवढंच. मिशिगनलाच १९९८ मध्ये २७ वयस्कर बायकांना हे शिकवलं, एका आठवड्यात मध्यम खोकल्याची गळती ९८ टक्के कमी आणि जोराच्या खोकल्याची ७३ टक्के. स्नायू एका आठवड्यात बळकट होत नाही, फक्त वेळ साधली एवढंच. भाजीची पिशवी उचलताना, खुर्चीतून उठताना तेच. फुगडीत मात्र दर उडीला आवळणं शक्य नाही, तिथे ताकदच लागेल.

आता कुलूप. तुमच्या मूत्राशयाला सवय लागलीय, किल्ली दिसली की नळ सोडायचा. यावर धावायचं नसतं, धावलात तर हरलात. दारात उभ्या राहा (किंवा पायरीवर टेका), पाच सहा झटपट आवळे द्या, दीर्घ श्वास, मनात उजळणी करा की उद्या डब्याला काय, घाईची लाट ओसरते, खरंच ओसरते, मिनिटभरात, मग शांतपणे चालत जा. हास्यास्पद वाटेल पण १९९८ मध्ये अमेरिकेत १९७ वयस्कर बायकांवर हीच पद्धत आणि गोळी यांची तुलना केली होती, शिकवलेल्या गटात गळतीचे प्रसंग ८१ टक्के कमी झाले, गोळीने ६९, नुसत्या खोट्या गोळीने ३९. गोळ्या वाईट नाहीत, लागल्या तर घ्यायच्या, पण जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं आणि वयस्कर माणसांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होतो का यावर बरीच चर्चा चालू आहे, तेव्हा पहिली पायरी ती नाही.

दुपारपासून पाणी बंद करणं आधी थांबवा बरं. लघवी घट्ट होते, मूत्राशय आणखी चिडतं, वर बद्धकोष्ठ, म्हणजे रोज सकाळी जोर आणि पुन्हा झोळीवर ताण. दीड दोन लिटर पाणी दिवसभरात विभागून प्या. बाहेर पडताना "असू दे, जाऊन येते" करून दर तासाला जाण्याची सवयही सोडा, दर आठवड्याला पंधरा मिनिटं पुढे ढकलत तीन तासांवर न्या. वजन तुम्ही लिहिलेलं नाही, असेल जास्त तर ऐका, अमेरिकेत ३३८ जाड बायकांवरच्या अभ्यासात ज्यांनी सहा महिन्यांत वजन सरासरी आठ टक्के उतरवलं त्यांची गळती जवळपास निम्म्याने घटली. सत्तर किलोचे साडेचौसष्ट, एवढंच म्हणतेय, करीना व्हायचं नाहीये.

या सगळ्याआधी मात्र डॉक्टरांकडे एक फेरी हवी. लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि अंग बाहेर येतंय का ते बघणं. लघवीत रक्त, जळजळ, सतत दिवसरात्र गळणं, पायांना बधिरपणा यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच आठवड्यात जा. पाळीच्या आसपास कोरडेपणा असेल तर जागेवर लावायचं हार्मोनचं क्रीम डॉक्टर देऊ शकतात, त्याचा उपयोग होतो. पण हार्मोनच्या पोटातल्या गोळ्यांनी गळती उलट वाढते असं अमेरिकेच्या एका भल्यामोठ्या अभ्यासात २००५ मध्ये दिसलंय.

ऑपरेशनचं खरं काय ते पण सांगते, लपवत नाही, कारण आम्ही फिजिओ लोक आपल्याच विषयाची भलामण करतो असं वाटायला नको. नेदरलँड्समध्ये मध्यम ते जास्त गळती असलेल्या ४६० बायकांचे दोन गट केले, एकाला फिजिओथेरपी, एकाला नळीखाली टेप बसवायचं छोटं ऑपरेशन. वर्षभराने ऑपरेशनवाल्या ९१ टक्के म्हणाल्या बरं वाटतंय, फिजिओवाल्या ६४, आणि फिजिओवाल्यांपैकी निम्म्यांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे गळती जास्त असेल तर ऑपरेशन सरस, हे मान्य. (त्या ६४ मध्ये मधेच ऑपरेशन केलेल्याही धरल्यात.) पण फिजिओवाल्यांपैकी उरलेल्या निम्म्यांनी वर्षभरात ऑपरेशन केलं नाही हेही त्याच अभ्यासात आहे आणि ऑपरेशन नंतर कधीही करता येतं, केलेलं परत फिरवता येत नाही. त्यातून आत बसवायच्या प्लॅस्टिकच्या जाळीच्या बाबतीत (टेप ही त्याच जाळीची पट्टी) जगात काय झालं ते वाचलं असेल, ब्रिटनने २०१८ मध्ये गळतीच्या टेपसकट ते थांबवलं, अमेरिकेने २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यासाठी योनीतून बसवायच्या जाळ्या विकायलाच बंदी केली, हजारो बायका दुखण्यांनी बेजार झाल्या होत्या. गळतीची टेप ही त्याहून छोटी आणि वेगळी गोष्ट, तिचा रेकॉर्ड बराच बरा आहे, पण धोके स्पष्ट विचारून मगच सही करायची. जाता जाता, अंग बाहेर येण्यावर गर्भाशय न काढता ते वर टांगून ठेवायचं ऑपरेशन बसवणाऱ्यांत आपले मुंबईचे डॉ. शिरोडकर होते, मूळचे गोव्याच्या शिरोड्याचे. पिशवी वाचवायची विद्या आपल्या घरचीच आहे आणि आपणच काढून टाक काढून टाक करतो.

लेकीचं. नाही, या भीतीपोटी सिझर नको. नॉर्वेमध्ये १५ हजारांवर बायकांची पाहणी झाली, २००३ साली आली, गळतीचं प्रमाण मूल न झालेल्यांत १० टक्के, सिझरवाल्यांत १६, नॉर्मलवाल्यांत २१. म्हणजे फरक आहे, पण सिझर करूनही सुटका नाही आणि त्या फरकासाठी पोट फाडून घ्यायचं, पुढच्या बाळंतपणातले सिझरचे धोके ओढवून घ्यायचे, हा सौदा परवडत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी सांगितलं तर गोष्ट वेगळी. तिने करायचं ते हेच, झोळीचा व्यायाम, आत्तापासून. ज्यांना गळती नाही अशा गरोदर मुलींनी तो केला तर शेवटच्या महिन्यांत गळती होण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी असतं, कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यातलं आहे. दोघी मिळून करा, तुमचाही नियम राहील.

यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, मी कोण सांगणार. पण कुणाला तरी सांगा. डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं, ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तेव्हा जंगलातल्या खेड्यात तपासायला कुणी नव्हतं. तुमच्या इथे स्टेशनच्या रस्त्यावर पाच गायनॅक आहेत आणि तुम्ही गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून फिरताय. ग्रुपमधली एखादी विश्वासाची असेल ना, तिला सांगून बघा, माझी पैज आहे की ती म्हणेल "अगं, मला पण."

तुमचं पत्र पाडव्याच्या आठवड्यात आलंय, म्हणजे श्रावणाला चारेक महिने आहेत, व्यायामाला तीन पुरतात. पहिले दोन महिने फुगडी नको, झिम्मा आणि गाणी म्हणा, तिसऱ्या महिन्यात उभी फुगडी, बसफुगडी आणि कोंबडा सगळ्यात शेवटी. आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी तीन दिवसांची वही करा, साध्या वहीत, किती वाजता काय प्यायलं, किती वाजता गेले, कधी गळलं आणि तेव्हा काय करत होते. चहाचे कप खरे लिहा, आपण दोनच म्हणतो आणि शेजारच्यांकडचा धरतच नाही.